तीन इकडे, तीन तिकडे

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेच्या ओळी देऊन रसग्रहण करायला सांगतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे मुद्दे पाडून पोरं उत्तर लिहितात. त्याच पोरांच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा धडा असतो आणि तिथला प्रश्न असतो: पुढील समीकरण संतुलित करा. केलं, गुण पदरात पडले, पान उलटलं. समीकरण हीसुद्धा तोलूनमापून रचलेली ओळ आहे, तीही थांबून थांबून वाचता येते, हे सांगायला कुणाला सवड नसते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांत तरी ती काढायला हवी. कारण त्या धड्याच्या आसपास भेटणारी एक ओळ इथल्याच डोंगरातल्या दगडाची आहे.

ती ओळ अशी:

फेरिक ऑक्साइड + ३ कार्बन मोनॉक्साइड → २ लोह + ३ कार्बन डायऑक्साइड

वर्गात ती सूत्रांतच म्हटली जाते, 'एफ ई टू ओ थ्री प्लस थ्री सी ओ', आणि म्हणताना तिला आपोआप ठेका येतो. फेरिक ऑक्साइड म्हणजे हेमॅटाइट. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात आहे तो हाच, चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या टेकडीतही मुख्यतः हाच. अखंड दगड करडा-काळपट दिसतो, पण खरखरीत फरशीवर घासला की लालसर रेघ उठते. ओळीच्या डाव्या टोकाला हा दगड आहे आणि बाणापलीकडे लगेच लोखंड. मधली भट्टी, भाता, घाम, सगळं त्या बाणात गेलं.

आधी रचनेचा नियम पाहू, कारण गंमत तिथेच आहे. संतुलन करणाऱ्याला एकच मुभा असते: सूत्राच्या आधी मोठा आकडा लिहायचा. सूत्राच्या आत, अक्षराच्या पायाशी बसलेला छोटा आकडा हलवायचा नाही. स्वीडनच्या बर्झेलियसनं १८१३-१४ च्या सुमारास मूलद्रव्यांना अक्षरं दिली तेव्हा हे छोटे आकडे तो वर, घातांकासारखे लिहीत असे. पुढे ते खाली उतरले. वर असोत की खाली, त्यांना हात लावायचा नाही. समजा ऑक्सिजन कमी भरतोय म्हणून एखाद्यानं कार्बन मोनॉक्साइडच्या पायाशी गुपचूप एक २ चिकटवला. वहीत काही फारसं झालं नाही. पण बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसाचा जीव घेणारा वायू काढून त्यानं तिथे सोड्याच्या बाटलीतला वायू आणून बसवला. आणि त्या वायूला दगडातला ऑक्सिजन ओढून घेता येत नाही. वृत्त सांभाळण्यासाठी शब्द मोडला की कवितेत निदान वाचता येतं. इथे वस्तूच दुसरी होते.

आता आकडे पुसून ओळ नव्यानं जुळवू. डावीकडे लोह दोन, म्हणून उजवीकडे लोहाआधी २; ते मिटलं. ऑक्सिजन मोजला तर डावीकडे ऑक्साइडचे तीन आणि मोनॉक्साइडचा एक मिळून चार, उजवीकडे दोनच. डायऑक्साइडआधी २ लिहिला. ऑक्सिजन चारास चार झाले, पण कार्बन उजवीकडे दोन झाले. मग मोनॉक्साइडआधी २. कार्बन जुळला, तर ऑक्सिजन पाचास चार. वहीतली खोडाखोड साधारण इथे सुरू होते. एक बाजू दाबली की दुसरी वर येते. चिकाटी असली तर पोरगं ३ पर्यंत पोचतंच, पण दुसरी एक वाट आहे आणि ती आकडेमोडीची नाही. मोनॉक्साइडचा एक रेणू एकच ऑक्सिजन उचलू शकतो. उचलला की तो डायऑक्साइड झाला, त्याचं काम संपलं. ऑक्साइडमधून काढायचे आहेत तीन. म्हणजे मजूर तीन हवेत. तिघं रिकाम्या हातानं आत जातात, तिघं भरल्या हातानं बाहेर येतात. आकडे आपसूक पडतात. अर्थ कळला की मात्रा जुळतात, हा अनुभव वृत्तात लिहिणाऱ्यांनाही असणार.

हे दोन्हीकडचे तीन नुसते यमक म्हणून आलेले नाहीत. दगड घन, लोखंड घन, वायू तेवढे दोन; आणि वायूचे जितके रेणू आत जातात तितकेच बाहेर येतात. म्हणजे भट्टीतला दाब वाढवून ही अभिक्रिया पुढे ढकलता येत नाही. एकोणिसाव्या शतकात कारखानदारांना एक गोष्ट फार खटकायची. झोतभट्टीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूत बराचसा मोनॉक्साइड न वापरताच निघून जायचा. दगडाशी गाठ पडायला त्याला वेळ पुरत नाही असं समजून इंग्लंडात भट्ट्या आणखी उंच बांधल्या. खर्च झाला, वायू होता तेवढाच वाया जात राहिला. फ्रान्सच्या ल शातलिए यांनी पुढे हेच उदाहरण घेऊन सांगितलं की हा दोष भट्टीच्या उंचीचा नाही. तयार झालेला डायऑक्साइड लोखंडाला पुन्हा ऑक्सिजन देऊ पाहतो, आणि दोन्ही वायूंचं एक ठरावीक प्रमाण झालं की गाडी अडते. तेव्हा आपल्या ओळीतला एकतर्फी बाण ही थोडी अतिशयोक्तीच. काव्यात ती अलंकार म्हणून चालते. भट्टीवाल्याला तिचे पैसे मोजावे लागतात.

दुसरं, ही एक ओळ मुळात तीन ओळींचा सारांश आहे. दगड एका दमात लोखंड होत नाही. आधी हेमॅटाइटचा मॅग्नेटाइट होतो, लाल रेघेचा दगड काळ्या रेघेचा होतो आणि चुंबकाला चिकटू लागतो. मग त्याचा फेरस ऑक्साइड होतो आणि शेवटी लोह. पहिली पायरी एकदा, दुसरी दोनदा, तिसरी सहादा घेऊन बेरीज करा, मधली सगळी नावं दोन्ही बाजूंनी कटतात, उरलेल्याला तीननं भागा, आपली ओळ हातात येते. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा करून पाहावं. मॅग्नेटाइट येतो आणि नाहीसा होतो, निकालात त्याचा उल्लेखही नाही. संपादकानं कापलेल्या मजकुरासारखा.

वजनं मांडली की ओळ आणखी बोलते. लोह ५६, ऑक्सिजन १६, कार्बन १२ धरले तर डावीकडे १६० आणि ८४, बेरीज २४४. उजवीकडे ११२ आणि १३२, बेरीज २४४. एकशे साठात एकशे बारा, म्हणजे शंभरात सत्तर. जगातला सगळ्यात शुद्ध हेमॅटाइटसुद्धा सत्तर टक्क्यांवर लोखंड देऊ शकत नाही. सुरजागडच्या चांगल्या दगडात साठच्या वर आहे म्हणतात तेव्हा तो शंभरापैकी साठ नसून सत्तरापैकी साठ असतो, हे बातमी वाचताना लक्षात ठेवावं.

हा दोन्हीकडे सारखी बेरीज मागणारा हट्ट लव्हाझिएचा. माणूस फ्रान्सच्या करवसुली कंपनीतला भागीदार होता आणि त्याच पायी १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला. १७८९ च्या ग्रंथात प्रक्रियेआधीचं आणि नंतरचं द्रव्य सारखंच असतं हे त्यानं मांडलं आणि उदाहरण घेतलं ते द्राक्षरस आंबण्याचं. आपल्याकडे तेच मोहफुलांच्या मडक्यात चालतं: साखरेचा एक रेणू, त्यातून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. १८० ग्रॅम साखरेचे ९२ ग्रॅम अल्कोहोल, ८८ ग्रॅम बुडबुडे. निम्मा माल हवेत जातो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, पण समीकरण कलम पाहून चालत नाही.

तर आपली लोखंडाची ओळ. या मुलखात ती तीन वेळा, तीन प्रकारे वाचली गेली.

पहिलं वाचन जंगलातल्या मातीच्या भट्टीचं. विदर्भात ते फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडच्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात अशा छोट्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकातही धगधगत होत्या. वरून लाकडी कोळसा आणि फोडलेला दगड यांचे थर द्यायचे, खालून भात्यानं वारा घालायचा. वाऱ्यातल्या ऑक्सिजननं कोळसा जळतो, वर चढणारा डायऑक्साइड तापलेल्या कोळशातून जाताना आणखी एक कार्बन घेतो आणि त्याचे मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. ओळीत आयता लिहिलेला तो वायू इथे असा घडवावा लागतो. भाता मंद पडला तर उष्णता नाही. अती झाला तर मोनॉक्साइडच जळून जातो आणि लोखंड पुन्हा ऑक्साइड होतं. भाता मारणाऱ्याला सूत्र ठाऊक नव्हतं, पण ज्वाळेचा रंग ठाऊक होता.

या भट्टीत लोखंड वितळत नाही. ते वितळायला १५३८ अंश सेल्सियस लागतात, आणि मातीची भट्टी बाराशेच्या आसपास घुटमळते. ऑक्सिजन निघून जातो, त्याच्या जागी भोकं राहतात आणि हाती येतो तो मळी अडकलेला, जाळीदार गोळा. तो तापलेला असतानाच घणाखाली कुटून मळी पिळून काढायची. ही मळी आपल्या ओळीत कुठेही नाही, कारण दगडातली वाळूही ओळीत नाही. वाळू, म्हणजे सिलिका, न वितळता बसून राहील. तिला वाहून न्यायला काहीतरी द्यावं लागतं, आणि चुना न घालणाऱ्या भट्टीत ते लोखंडच असतं. सिलिकाचा एक रेणू फेरस ऑक्साइडचे दोन रेणू घेऊन पातळ मळी बनतो. लोखंडाचे दोन अणू खर्ची पडले तेव्हा वाळूचा एक रेणू बाहेर गेला. जुन्या भट्ट्यांच्या जागी सापडणारी मळी हातात घेतली की जड लागते ती म्हणूनच.

आणि झाडं. हिशेबानं ११२ किलो लोखंडाला ३६ किलो कार्बन पुरायला हवा. पण ही अभिक्रिया स्वतः जेमतेम उष्णता देते. भट्टी तापवायला वेगळा कोळसा जाळावा लागतो आणि जुन्या भट्ट्या या हिशेबाच्या कित्येक पट कोळसा खात. लाकडाचा कोळसा करतानाही तसंच: कागदावर १६२ किलो सेल्युलोजचे ७२ किलो कार्बन आणि ९० किलो पाणी, प्रत्यक्षात हाती त्याहून बरंच कमी. ऐन-धावड्याचं जंगल आजूबाजूला होतं म्हणून ही ओळ इथे चालली.

दुसरं वाचन फसलं, आणि ते फसणं मला सगळ्यात वाचनीय वाटतं. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. अहवालात होतं की मध्य प्रांतातला लोहखनिजाचा सोयीचा साठा चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला आहे, आणि वरोऱ्याला कोळशाची खाण आहे. डावीकडची दोन्ही पदं एकाच जिल्ह्यात! कुणालाही वाटावं की उजवी बाजू आता लिहूनच टाकावी. पण वरोऱ्याचा कोळसा या कामाचा निघाला नाही. झोतभट्टीत कार्बन लागतो तो कोकच्या रूपात. हवेविना भाजला की कोळशानं मऊ होऊन घट्ट, सच्छिद्र ढेकळं धरायला हवीत, म्हणजे वरच्या दगडाचा भार पेलून मधून वारा जाऊ शकतो. इथला कोळसा जळायला ठीक, पण कोक होणारा नव्हे. समीकरणात कार्बन तो कार्बन. अंगानं मजबूत की भुसभुशीत हे विचारायची सोय तिथे नाही. शिवाय सरकारच्या खाण-परवान्याच्या अटी जाचक होत्या. बेत बासनात गेला.

पुढे नियम सैल झाल्यावर तो पुन्हा निघाला. दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड चांद्याच्या जंगलात हिंडले, बरोबर शापूरजी सकलातवाला होते, तेच पुढे ब्रिटिश पार्लमेंटात कम्युनिस्ट म्हणून गाजले. दगड चांगला निघाला, मोठ्या कारखान्याला पुरेल इतका नाही. वाट तिथून दुर्ग जिल्ह्याकडे आणि मग प्रमथनाथ बोस यांच्या १९०४ च्या पत्रामुळे मयूरभंजकडे वळली. कारखाना साकचीला उभा राहिला, पोलाद १९१२ मध्ये निघालं, गावाचं नाव जमशेदपूर झालं. चंद्रपूरकर अजूनही 'आमच्याकडे होणार होतं' म्हणून हळहळतात. हळहळ बरोबर आहे, पण नशिबाला दोष देण्याआधी कोक पाहावा.

तिसरं वाचन आजचं. घुग्घुसला, आणि अलीकडे चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला, स्पंज आयर्न होतं. आडवी, किंचित उतरती, सावकाश फिरणारी लांबलचक नळकांडी भट्टी. तिच्यात लोहखनिज, साधा दगडी कोळसा आणि गंधक धरायला थोडा डोलोमाइट. तापमान हजार अंशांच्या आसपास. इथे दगडाचा ढीग कोळशाच्या डोक्यावर उभा राहत नाही, दोघं शेजारी लोळत पुढे सरकतात. म्हणून कोकची गरज नाही. दगडी कोळसा असूनही ज्या कारणानं १८८२ चा बेत अडला, ते कारणच या रचनेत उरत नाही. ओळ तीच, आकडे तेच. तीन आत, तीन बाहेर. आणि लोखंड इथेही वितळत नाही. दगडाचा आकार जवळपास तसाच राहतो, ऑक्सिजन गेल्याच्या भोकांनी पोखरलेला. जंगलातल्या भट्टीतला जाळीदार गोळा आणि कारखान्यातलं स्पंज आयर्न रसायनाच्या नात्यानं सख्खे भाऊ आहेत. मधली झोतभट्टी वेगळ्या घराण्यातली. हे नातं कारखान्याच्या माहितीपत्रकात सहसा छापत नाहीत.

उजवीकडच्या १३२ कडे मात्र आता पूर्वीपेक्षा रोखून पाहिलं जातं. एक टन लोखंडामागे निव्वळ या ओळीपुरता जवळजवळ ११८० किलो कार्बन डायऑक्साइड, तापवण्याचा वेगळा. शेजारी कोरपना तालुक्यात गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट भट्ट्यांत दुसरी एक ओळ चालते: १०० किलो शुद्ध चुनखडीचे ५६ किलो चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड. तिथे इंधन कोणतंही वापरा, हे ४४ सुटत नाहीत, कारण ते इंधनाचे नाहीतच, दगडाच्या पोटातले आहेत. लोखंडाच्या ओळीत मात्र एक शब्द बदलायला जागा आहे. मोनॉक्साइड काढून हायड्रोजन बसवा: फेरिक ऑक्साइड अधिक ३ हायड्रोजन, बाणापलीकडे २ लोह अधिक ३ पाणी. वजनं १६० आणि ६, पलीकडे ११२ आणि ५४. वृत्त तसंच राहिलं, तीनास तीन, फक्त धुराड्यातून वाफ. स्वीडनमध्ये २०२१ साली असं लोखंड काढून दाखवलं. अडचण अशी की ही ओळ उष्णता देत नाही, मागते, आणि हायड्रोजन आधी कुठून तरी आणावा लागतो. ज्या ओळीत तो तयार होतो, ती वेगळी सोडवावी लागेल.

सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे, दरवर्षी जानेवारीत तिथे आसपासच्या माडिया-गोंड गावांची यात्रा भरते. खाणीवरून झालेला विरोध, रस्त्यानं धावणारे मालट्रक, लाल झालेलं ओढ्याचं पाणी, यातलं काही समीकरणात येत नाही. त्यासाठी समीकरणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अणू मोजायचं काम त्यानं पत्करलं आहे आणि ते चोख करतं. त्याच्या दोन बाजू जुळल्या म्हणून जिल्ह्याच्या जमाखर्चाच्याही जुळल्या असं कुणी भाषणात सांगू लागलं, तर चूक भाषणाची.

स्पंज आयर्न तयार झालं की घाई असते ती त्याला कोरडं ठेवायची. भोकाभोकांतून हवा शिरते, ओल लागली की ते तापतं, ढीग पेटूही शकतो. म्हणजे ओळ उलटीकडून चालू लागते. लोह ४, ऑक्सिजन ३, फेरिक ऑक्साइड २. साध्या गंजात मात्र पाणीही असतं, आणि तिथे पुस्तकसुद्धा हात टेकतं. गंजाचं सूत्र लिहिताना फेरिक ऑक्साइडपुढे टिंब देऊन पाण्याच्या रेणूंआधी आकडा न घालता नुसता 'एक्स' लिहितात. भामरागडच्या पावसात भिजलेल्या गेटाचा एक्स वेगळा, वरोऱ्याच्या उन्हात पडलेल्या फाळाचा वेगळा.